सरासरी फसवते तेव्हा: जंतांची मोजणी

आज नोएडातून बोलतोय परजीवींच्या हिशेबाबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण शेळ्या पाळणाऱ्याचे पैसे त्यात अडकलेले असतात.

जंत सगळ्या जनावरांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात थोडे, दोन-चार जणींच्या पोटात भरमसाट. इथेच सरासरी फसवते.

समजा, सात शेळ्यांना जंताचं औषध पाजलं, सात जणींना नाही. दोन आठवड्यांनी प्रत्येकीच्या एक ग्रॅम लेंडीतली अंडी मोजली.

औषध दिलेल्या: ०, ५०, १००, १५०, २००, २५०, ३४५०.
न दिलेल्या: ३००, ३५०, ४००, ४५०, ५००, ५५०, ६००.

सरासरी काढा: ६०० आणि ४५०. म्हणजे औषधाने जंत वाढले? एवढ्यावरून औषध बंद केलं, तर कळपाचं नुकसान ठरलेलं.

आता फौजी पद्धत. जवान उंचीप्रमाणे उभे करतो, तशा चौदाही शेळ्या अंड्यांच्या आकड्याप्रमाणे रांगेत लावा. सर्वांत कमी ती पहिली. औषधवाल्यांच्या क्रमांकांची बेरीज येते ३५, दुसऱ्यांची ७०. ३४५० वाली चौदावी; ती ७०० वर असती तरी चौदावीच. औषध निरुपयोगी असतं, तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत शंभरात तीन वेळाही दिसली नसती.

ही कल्पना विलकॉक्सन यांनी १९४५ मध्ये मांडली, मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये पुढे नेली. आकडे घंटेच्या आकाराच्या आलेखात बसलेच पाहिजेत, अशी अट नाही. म्हणून ही नॉनपॅरामेट्रिक पद्धत. यात मराठी नावही आहे: दोन गटांतले आकडे किती विखुरलेत, हे तपासणारी अशीच एक कसोटी बी. व्ही. सुखात्मे यांनी १९५७ मध्ये दिली.

पण एक सावधगिरी. क्रमांक सांगतात, बहुतेक शेळ्यांना गुण आला. कुरणात अंडी कोण पसरवतंय, ते सांगत नाहीत. औषधवाल्या गटातल्या एकूण ४२०० पैकी ३४५० त्या एकटीचीच! तिला हिशेबातून वगळू नका. डोस थुंकला का, वजनाच्या मानाने कमी पडला का, की जंत औषधाला दाद देत नाहीत, ते पाहा. पलटणीत एक जवान मागे राहिला, तर आपण सरासरी काढत बसत नाही. मागे जाऊन त्याला शोधतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.