पणजीचं माहेर

संपादकांनी जात पडताळणीच्या धावपळीवर लिहायला पाठवलं होतं. मी अडकलो शीळफाट्याजवळच्या एका वन-बीएचकेत, मोडीवाल्या काकांपाशी. खाली कल्याण-शीळ रस्त्यावर कंटेनर खेटून उभे. वर काका मोबाइलवर दोन बोटांनी एक अक्षर फुगवत बसलेले.

"हे बघ, 'मौजे' सापडलं. आता हा कुठे जातोय!"

काका महसूल खात्यातून निवृत्त झाले. वंशावळ शोधणाऱ्यांचे पाच व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्या फोनवर आहेत. पहाटेपासून फोटो येतात. पिवळा कागद, कुरतडलेले कोपरे आणि खाली 'काका, जरा बघता का'. पैसे घेत नाहीत. काकू म्हणतात, "चहाचे तरी घ्या."

मोडी शतकानुशतकं दप्तराची लिपी होती. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळा-कचेरीतून गेली, २०१४ मध्ये युनिकोडात आली. मधल्या काळात ती वाचणारी माणसं संपत गेली आणि गरज मात्र वाढली. पडताळणीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली.

काकांचा जीव त्यातल्या एका वहीवर. गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'. गावातले जन्म आणि मृत्यू तिच्यात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. त्यामुळे शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. काका नावाकडे आधी बघतच नाहीत. 'मौजे', 'माहे', 'बिन' हे ठरलेले शब्द हुडकतात. त्यावरून लिहिणाऱ्याचा म, ज, ब कळतो, मग त्याच वळणाने नाव सोडवतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जात कधी पूर्ण लिहिलेली, कधी नुसतं 'कु.'. त्या टिंबावर पोरांचे प्रवेश अडलेले.

पण वाचता आलं म्हणजे माणूस सापडला असं नाही. जुन्या नोंदीत आडनावच नसतं. 'राघो बिन हिरू', संपलं. असे तीन राघो एका गावात, आणि आज त्यांची नातवंडं सगळी पाटील नाहीतर म्हात्रे. मग सातबारा, फेरफार, शाळेचं रजिस्टर लावून बघायचं.

त्याहून मोठी मेख बाळंतपणाची. पहिलटकरीण माहेरी जाणार, म्हणजे पोराची नोंद मामाच्या गावात. शीळ ठाणे तालुक्यात, तर तिथून जवळचं निळजे कल्याण तालुक्यात. दप्तरं वेगळी, खेटे वेगळे. आणि वंशावळीच्या तक्त्यात बाप, आजा, पणजा. आजीचं माहेर कुठेच नाही.

"बाईचं नाव गाळलं, म्हणून बाप्याचा जन्म सापडत नाही," काका म्हणाले.

इथे ग्रुप कामी येतो. काका विचारतात, 'खिडकाळीचं कोणी आहे का? हिरूच्या बायकोचं माहेर आठवतंय का कुणाला?' कुणाची तरी म्हातारी आत्या फोनवर येते. लग्नात कोण मामा उभा होता, हळद कुणाच्या अंगणात दळली, ते सांगते. त्यातून गाव निघतं.

गेल्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर जळगावच्या एका निवृत्त बाईंनी सगळे फोटो वाचले आणि रोज रात्री काकांना व्हॉइस मेसेजवर हिशेब दिला. काकांनीच त्यांना मोडी शिकवली होती, फोनवरून. मुलीची फाइल अजून अडकलेली असतानाही त्या भरताची वांगी घेऊन शीळफाट्याला आल्या. काकूंनी त्यांना साडी नेसवली. आता दोघी रोज बोलतात, बहुतेक वेळा मोडी सोडून.

निघताना काकांना त्यांची स्वतःची वंशावळ विचारली. त्यांनी फाइल काढली. वडिलांपर्यंत कागद होते. आजोबांची जन्मनोंद नव्हती.

"पणजीचं माहेर कुणालाच माहीत नाही रे." त्यांनी चष्मा पुसला. "ग्रुपवर टाकलंय. दर दिवाळीला जळगावच्या ताई विचारतात, सापडलं का."

तेवढ्यात फोन वाजला. नवा फोटो. काका 'मौजे' शोधायला लागले.