सावलीतली गाडी, उन्हातली छत्री

अमेरिकेत मोटरहोम घेऊन हिंडणाऱ्यांना मुक्कामाच्या जागी दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या क्वचितच एका ठिकाणी सापडतात. दुपारी गाडीवर सावली हवी, नाहीतर ते फिरतं घर तापतं आणि छतावरचा एसी दिवसभर घुमत राहतो. संध्याकाळी मात्र टीव्हीसाठी दक्षिणेचं आकाश मोकळं हवं. एसीला विश्रांती देणारं झाडच मग फुटबॉलचा सामना घालवतं. टीव्हीची डिश, म्हणजे आपल्याकडच्या केबलवाल्यांची छत्री, गाडीवर कुठे आणि कशी बसवायची हा प्रश्न म्हणूनच स्क्रू-पान्याचा कमी आणि झाडांचा जास्त आहे.

आणि तो थोडक्यांचा प्रश्न नाही. ‘गो आरव्हिंग’ या मोटरहोम-उद्योगाच्या संस्थेच्या २०२१ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे मोटरहोम किंवा गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर होतं. त्यातले बरेच निवृत्त. हिवाळा लागला की उत्तरेची थंडी सोडून दक्षिणेला उतरणारे. महिनोन्‌महिने रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या बातम्या आणि रविवारचा सामना ही चैन वाटत नाही.

झाडांचा हिशेब शाळेतल्या भूमितीतला आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात पूर्ण होते, त्यामुळे जमिनीवरून बघताना उपग्रह एका जागी थांबलेला भासतो. अशा तीन उपग्रहांनी जगभर प्रसारण करता येईल, हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडलं होतं. पण विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका उपग्रह क्षितिजाकडे उतरतो. पुण्याहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह जवळजवळ ६६ अंश उंचीवर असतो, म्हणजे बराचसा डोक्यावरच. डायरेक्टीव्ही या अमेरिकी कंपनीचा १०१ अंश पश्चिमेचा उपग्रह मायामीतून ५२ अंशांवर, सिॲटलमधून ३१ अंशांवर आणि अलास्कातल्या फेअरबँक्समधून जेमतेम ८ अंशांवर येतो.

डिशपेक्षा पंधरा मीटर उंच झाड उपग्रहाच्या दिशेला असेल, तर पुण्यात ते सात मीटर दूर असलं तरी भागतं. सिॲटलमध्ये तेच झाड पंचवीस मीटरच्या पलीकडे हवं आणि फेअरबँक्समध्ये शंभर मीटरच्या. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरचे फर आणि सीडार तर पंधरा मीटरवर थांबत नाहीत. तिथल्या तळावर गाडीच्या छतावर पक्की बसवलेली, हजारो डॉलरची स्वयंचलित डिश आकाशभर मान फिरवते आणि हात हलवत परत येते. शेजारच्या गाडीवाला तिवईवरची साधी डिश उचलून झाडांच्या फटीपर्यंत चालत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा टीव्ही सुरू होतो. याउलट ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात, जिथे हिवाळ्यात सरकारी जमिनीवर असंख्य मोटरहोम येऊन थांबतात, झाड म्हणावं असं काही नसतं. तिथे छतावरचीच डिश शहाणपणाची. गाडी लावली, बटण दाबलं, काम झालं.

हे सगळं शक्य झालं ते डिश लहान झाली म्हणून. त्याआधी घराच्या अंगणात दोन-तीन मीटर व्यासाच्या डिश असत. त्या गाडीवर लादायचा विचारही कुणी केला नसता. १९९४ च्या जूनमध्ये डायरेक्टीव्हीची सेवा सुरू झाली आणि तिच्याबरोबर अठरा इंची, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरची डिश आली. १९९६ मध्ये डिश नेटवर्क ही दुसरी सेवा आली. छत्री आता काखेत मारून नेता येऊ लागली.

सुटी डिश लावणं ही हाताला बसणारी कला आहे. पहिलं काम तिवईचा खांब ओळंब्यात आणणं. खांब जरा जरी कलला, तरी डिशच्या मागे कोरलेली अंशांची पट्टी खोटं बोलू लागते आणि माणूस तासभर चुकीच्या उंचीवर उपग्रह शोधत बसतो. दुसरं काम दिशेचं. होकायंत्र गाडीपासून चार पावलं लांब धरायचं, कारण गाडीच्या लोखंडाने सुई बहकते. शिवाय होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर एक नसते; सिॲटलच्या बाजूला हा फरक पंधरा अंशांच्या आसपास भरतो. ४५ सेंटिमीटरच्या डिशची नजर साडेतीन-चार अंशांइतकीच रुंद असते, म्हणजे तेवढ्या चुकीत उपग्रह कधीच निसटलेला असतो.

नवख्याला सगळ्यात जास्त फसवतं ते डिशचं तोंड. ती जिकडे तोंड करून उभी दिसते, तिकडे ती बघतच नसते. या डिशमध्ये सिग्नल पकडणारा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, म्हणजे त्याची सावली तबकडीवर पडत नाही. त्यामुळे डिशची खरी नजर तबकडीच्या तोंडापेक्षा वीसेक अंश वर असते. जवळजवळ सरळ उभी डिश पाहून ‘ही तर समोरच्या गाडीकडे बघतेय’ असं म्हणत पुष्कळ जण ती मागे कलवतात आणि हाती आलेला उपग्रह घालवतात.

मग वारा. ताशी साठ किलोमीटरचा वारा एवढ्याशा डिशला तीनेक किलोच्या जोराने ढकलतो. हलक्या तिवईला तेवढं आडवं व्हायला पुरतं, म्हणून मधल्या खांबाला पाण्याचा भरलेला कॅन टांगतात किंवा पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात.

ज्यांना ही कसरत नको, त्यांच्यासाठी घुमट आहेत. आयोवातल्या बर्लिंग्टनची विनगार्ड ही १९५४ पासून अँटेना बनवणारी कंपनी. तिने आणि किंग या कंपनीने प्लास्टिकच्या टोपाखाली छोटी डिश आणि तिला फिरवणाऱ्या मोटरी बसवलेले चार-पाच किलोचे डबे बाजारात आणले. डबा गवतावर ठेवा, केबल जोडा, उपग्रह तो स्वतः शोधतो. चालत्या गाडीत टीव्ही दाखवणारे घुमटही आहेत. बोटींसाठी अशी यंत्रणा बनवणाऱ्या ऱ्होड आयलंडच्या केव्हीएचने ती मोटरहोमवरही आणली.

घुमटाची किंमत पैशापलीकडेही मोजावी लागते. आतली डिश लहान असते आणि वर प्लास्टिकचा थर. टोपावर दव किंवा पावसाचे थेंब साचले की सिग्नल आणखी गळतो. पावसाळ्यात ऐन सामन्याच्या वेळी डीटीएच गेल्याचा अनुभव मुंबईकराला नवा नाही. तिथे दोष ढगातल्या पाण्याचा असतो, इथे त्यात टोपावरच्या पाण्याची भर पडते. म्हणून टोपाला पाणी न धरणारं मेण चोळणारे लोक भेटतात. दुसरी अडचण घरगुती आहे. डिश नेटवर्कची वाहिन्यांची रास ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिमेच्या उपग्रहांवर विखुरलेली. घरावरची मोठी डिश तिन्हींकडे एकदम बघते, घुमटातली एका वेळी एकाकडेच. पुढच्या टीव्हीवर एका उपग्रहावरचा सामना आणि मागच्या खोलीत दुसऱ्या उपग्रहावरची मालिका हे जमत नाही. डायरेक्टीव्हीच्या बहुतेक एचडी वाहिन्या तर का-बँड या वेगळ्याच लहरींवर आहेत आणि त्या या घुमटांना पकडताच येत नाहीत. त्यांच्यासाठी छतावर घडी होणारी मोठी उघडी डिशच लागते. दुकानात जाण्याआधी कंपनी कोणती ते ठरवा, डिश नंतर निवडा. हा क्रम उलटा करणारे पस्तावतात.

छतावर भोक पाडायचा प्रसंग आला की मोटरहोमवाल्याचा हात थरथरतो, आणि तो थरथरावाच. बहुतेक गाड्यांचं छत म्हणजे पातळ प्लायवुडवर ताणलेला ईपीडीएम किंवा टीपीओ जातीचा रबरी पडदा. नुसत्या प्लायवुडमध्ये मारलेला स्क्रू महामार्गावरच्या वाऱ्याने सैल होतो. तो खालच्या आडव्या दांड्यांत बसायला हवा. डिशच्या पायाखाली ब्युटाइलची चिकट पट्टी, वरून स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप पसरणारं छताचं सीलंट. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन इथे चालत नाही, ते ईपीडीएमला धरत नाही. बारीक फटीतून शिरलेलं पाणी लगेच खोलीत टपकत नाही. ते प्लायवुडमध्ये मुरतं आणि एक दिवस छतावर चढलेल्याचा पाय खाली रुततो.

उंचीचंही भान लागतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये ग्रेगसन रस्त्यावर एक रेल्वेपूल आहे, ‘अकरा फूट आठ’ या नावाने कुप्रसिद्ध. त्याच्याखाली ट्रकांची आणि मोटरहोमची छतं सोलली जातानाचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तो आठ इंच उचलला, तरी टकरी पूर्ण थांबल्या नाहीत. गाडीच्या कागदावरची उंची ही डिश बसवण्याआधीची असते. नवी उंची मोजून चालकाच्या समोर काचेवर चिकटवून ठेवावी. हाताने वर करायची जुनी डिश असेल, तर ती खाली केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, ही आठवण करून देणारी लाल फीत स्टिअरिंगला बांधतात. नव्या स्वयंचलित डिश इंजिन सुरू झाल्याचा इशारा मिळताच स्वतः मिटतात.

सगळं नीट बसवून पडद्यावर काहीच येत नसेल, तर दोष बहुधा भिंतीत असतो. मोटरहोममध्ये कारखान्यातूनच टीव्हीच्या केबली ओढलेल्या असतात, पण त्या साध्या अँटेनासाठी. वाटेत बूस्टर आणि स्प्लिटर. डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला आणि त्याच तारेतून उलट दिशेने रिसीव्हर एलएनबीला वीज पुरवतो. जुना स्प्लिटर दोन्ही अडवतो. आरजी-६ जातीची अखंड तार डिशपासून थेट रिसीव्हरपर्यंत नेली की ‘बिघडलेली’ डिश एकदम सुधारते.

यापुढची अडचण कायद्याची. अमेरिकेत स्थानिक वाहिन्या अरुंद झोतांतून त्या-त्या शहराभोवतीच सोडल्या जातात. ओहायोतलं कुटुंब फ्लोरिडाला पोचलं की देशभराच्या वाहिन्या दिसतात, घरच्या गावच्या बातम्या मात्र मावळतात. युरोपातही हेच घडलं. स्पेनमध्ये हिवाळा काढणाऱ्या ब्रिटिशांना २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत बीबीसी मिळत होती. वाहिन्या अ‍ॅस्ट्रा २ई उपग्रहाच्या ब्रिटनपुरत्या झोतावर गेल्या आणि स्पेनमधल्या छोट्या डिश एका रात्रीत आंधळ्या झाल्या. अमेरिकेने मात्र मोटरहोम आणि मालट्रकांसाठी खास खिडकी ठेवली. दूरच्या शहरांतल्या राष्ट्रीय वाहिन्या उपग्रहावरून दाखवण्याची सवलत २०१९ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने बहुतेकांची काढून घेतली, या दोघांची नाही. अट एकच: डिश गाडीला कायमची जोडलेली आहे आणि ती कुठल्या घरावर वापरणार नाही, असं सही करून लिहून द्यायचं, सोबत गाडीच्या नोंदणीची प्रत. ज्याला तिवई घेऊन रानातली फट शोधायची आहे, त्याची या कागदासमोर पंचाईत होते. म्हणून काही जण दोन्ही बाळगतात, एक छतावर आणि एक सामानाच्या कप्प्यात.

अलीकडे या कप्प्यात तिसरी वस्तू आली आहे. २०२२ च्या मे महिन्यात उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने मोटरहोमसाठी वेगळी योजना काढली; पुढच्या वर्षी तिचं नाव ‘रोम’ झालं. हिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास धावतात, एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे एकाच बिंदूवर रोखायचं काही उरत नाही. अँटेना म्हणजे एक सपाट पाटी. टीव्ही इंटरनेटवरून येतो आणि झोताबाहेर जाण्याचा प्रश्न सुटतो. मग झाडांचं काय? ती जास्तच नडतात. जुन्या डिशला एक फट पुरे होती. या पाटीला सुमारे शंभर अंशांचं आकाश लागतं. कडेच्या फांदीआड उपग्रह गेला की व्हिडिओ कॉल तुटतो, पुढचा उपग्रह आला की जुळतो. त्यामुळे मोबाइलचा कॅमेरा आकाशावर फिरवून अडथळे मोजणारे लोक आता तळांवर दिसतात आणि पंधरा मीटरची केबल पुन्हा गवतावर पसरते. वीजही जास्त खाते. साध्या संचाला ७५ ते १०० वॅट लागतात, म्हणजे शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्धी रिकामी व्हायला सहा ते आठ तास पुरतात. विजेच्या जोडणीशिवाय रानात राहणारे म्हणून २०२४ मध्ये आलेल्या छोट्या ‘मिनी’कडे वळले.

जुन्या कंपन्या आटत चालल्या आहेत. डायरेक्टीव्हीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये डिश नेटवर्क विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मोडला. पण छतावरची डिश उतरवण्याची घाई करू नये. तिचा पाया काढला की चार-सहा भोकं उघडी पडतात आणि प्रत्येक भोक पाण्याला आमंत्रण. पाया घट्ट असेल, सीलंट तडकलेलं नसेल, तर त्यालाच अडॅप्टर लावून वर नवी पाटी बसवता येते.