विमानातल्या सुरक्षा सूचना खरंच जीव वाचवतात का?

नाशिकच्या ओझर विमानतळावर विमान धावपट्टीकडे निघालं की केबिन क्रू सीट बेल्ट आणि ऑक्सिजन मास्क कसा वापरायचा ते दाखवू लागतो. तेव्हा आपल्यापैकी अनेकजण मोबाईलमध्ये असतात. 'हे तर माहीतच आहे', असं वाटतं. पण ऐन वेळी ते आठवतं का?

ऐकलं नाही तर काय होतं?

२००९ मध्ये न्यूयॉर्कला एक विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. सगळे १५५ जण वाचले. पण सुमारे ७० टक्के प्रवाशांनी सुरक्षा सूचना पाहिल्याच नव्हत्या, असं चौकशीत समोर आलं.

१९९६ मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. काहींनी लाइफ जॅकेट आतच फुगवलं. केबिनमध्ये पाणी शिरल्यावर ते तरंगून वर अडकले. जॅकेट बाहेर पडतानाच फुगवायचं, ते यासाठी.

आणि पाळलं तर?

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर धडकेनंतर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. तरी सगळे ३७९ जण बाहेर पडले. क्रूचं ऐकून प्रवाशांनी बॅगा आतच सोडल्या होत्या, हे त्यामागचं मोठं कारण.

मग कमी काय पडतं?

सूचना आपण नुसत्या पाहतो, करून बघत नाही. घाबरल्यावर हात सवयीने चालतो. कारच्या बेल्टचं बटण दाबावं लागतं, विमानात पट्टी उचलावी लागते. म्हणून अर्धी तयारी आपणच करायची:

• बसल्यावर बेल्ट एकदा उघडून बघा.
• पुढचा आणि मागचा दरवाजा किती रांगा दूर आहे ते मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा सीटना हात लावत मोजता येतं.
• मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलांना. खूप उंचीवर ऑक्सिजनशिवाय शुद्ध मिनिटभरही टिकेलच असं नाही.
• बाहेर पडताना बॅग घेऊ नका.

आणि बसमध्ये?

विमानात निदान कोणी सांगतं तरी. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्येच औरंगाबाद रोडवर खासगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ जणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दरवाजाच्या बाजूला उलटली आणि पेटली. २५ जण गेले. वाचलेल्यांपैकी काहीजण काच फोडून बाहेर आले होते.

रात्रीच्या स्लीपर बसमध्ये बसताना आपत्कालीन खिडकी कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी आहे का, हे आपल्यालाच बघावं लागतं. नसेल तर बस सुटण्याआधीच विचारा. झोपण्याआधीचं एक मिनिट त्यासाठी पुरेसं आहे.