विंडोजकडून लिनक्सकडे : नवशिक्या शिक्षकाने कोणते वितरण निवडावे?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांतील संस्थांचे चालू स्थितीतले संगणकही बाद ठरण्याचा धोका आहे. ‘त्यांवर लिनक्स घाला’ हा सल्ला सर्रास मिळतो. कोणते लिनक्स, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

लिनक्स हा वस्तुतः प्रणालीचा गाभा होय. लिनस टोरवाल्ड्स याने तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्याभोवती मेनू, खिडक्या व नित्याचे प्रोग्राम जोडून जी पूर्ण प्रणाली दिली जाते, तिला वितरण म्हणतात. गोव्याला हा विषय नवा नाही. २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आणलेले वापरलेले संगणक शाळांना दिले, तेव्हाही लिनक्सचाच आधार घेतला गेला होता.

विंडोजची सवय असलेल्यास लिनक्स मिंट हे वितरण सोयीचे पडते. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. हात चुकत नाही. लिब्रेऑफिस त्यात आधीच असते. उबुंटूही भक्कम आहे, परंतु त्याची मांडणी वेगळी असल्याने पहिले काही दिवस शोधाशोधीत जातात. मिंटमध्येही स्मृती ४ जीबी असल्यास हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ८ जीबी असल्यास सिनॅमन.

मात्र या भागातील शिक्षकाची खरी कसोटी देवनागरीची आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली व मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले. प्रश्नपत्रिका, सूचना, अहवाल या लिपीत होतात. मिंटच्या कीबोर्ड-मांडणीत मराठी निवडताच इनस्क्रिप्टने टंकन करता येते. अडचण जुन्या फायलींची. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता चिवडा दिसतो. तेव्हा दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम विंडोज काढण्यापूर्वीच उरकावे. हे कंटाळवाणे काम पुढे ढकलले जाते आणि मग दोष नव्या प्रणालीवर येतो.

निवड पक्की करण्यापूर्वी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. इन्स्टॉल केल्याशिवाय हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. ते थोडे संथ चालते, त्यावरून मत बनवू नये. या चाचणीत वायफाय, प्रोजेक्टर आणि विशेषतः कार्यालयातील प्रिंटर तपासावा. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास सर्व फायली जातात, म्हणून त्यांची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी.

वाणिज्य शाखेत टॅली शिकवली जाते व ती विंडोजसाठी बनलेली आहे. तेवढ्यासाठी विंडोज ११ चालू शकणारे दोन-तीन संगणक राखून ठेवावेत. उरलेल्यांवर बदल सुरू करण्यास हरकत नाही.