फुरसतीचा अभ्यास आपल्या मुलांनी का करावा?

बारावीनंतर काय, हे विचारायला सातारा-सांगलीकडची मुले आमच्याकडे येतात तेव्हा पोलीस भरती, नर्सिंग, एमपीएससी एवढीच नावे निघतात. 'मनोरंजन आणि फुरसत' हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे म्हटले की हसतात. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. मोकळा वेळ कोणाला मिळतो, कोणाला नाही, आणि मैदाने, सहली, वृद्धांचे-अपंगांचे उपक्रम कसे चालवायचे, हा त्या अभ्यासाचा गाभा.

हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. १९४५ च्या गांधी-काँग्रेसवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली ती यासाठीच: कष्टातून सवड मिळाल्याशिवाय माणूस सुसंस्कृत जीवन जगू शकत नाही. ते मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. संविधानाच्या कलम ४३ मध्येही कामगाराच्या फुरसतीचा स्पष्ट उल्लेख आहे. तो वाचलेला कार्यकर्ता विरळाच!

आपल्या भागात काय झाले? विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या नाटकामुळे सांगली नाट्यपंढरी म्हणून मिरवते. तमाशाच्या फडात ढोलकी-हलगीवर रात्र जागवणारे मात्र बहुतांशी महार-मांग कलावंत. करमणूक आपण केली, फुरसत दुसऱ्यांनी भोगली. आज महाबळेश्वर, पाचगणी, कासला पर्यटक लोटतात; तिथल्या हॉटेलांत आपली मुले आम्हाला भेटतात ती बहुधा खोल्या झाडताना. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सुटीत लोक चढतात, फोटो काढतात, उतरतात. चैत्य कोणता, विहार कोणता, हे समजावणारा मार्गदर्शक आपल्यातला का नसावा?

याच नावाची पदवी इथे शोधत बसू नका. जवळचे रस्ते आहेत. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड., पुढे एम.पी.एड.; त्यातून शाळेत क्रीडाशिक्षक, किंवा एमपीएससीतून तालुका क्रीडा अधिकारी. पर्यटनाची पदवी घेतली तर सहल कंपन्या, हॉटेल व्यवस्थापन, लेण्यांवरचे मार्गदर्शन. गाणे-नाटकाची ओढ असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. समाजकार्य शिकलेल्यांना वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, बालगृह इथे हेच काम करता येते, फक्त त्याला हे नाव कोणी देत नाही. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हे घरी आधीच सांगावे.

'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्या खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे का, बी.पी.एड. असेल तर एनसीटीईची आहे का, हे पाहा. परदेशात शिकायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटींत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहतात, म्हणून आधी ती तपासावी. इथल्या शिक्षणासाठी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो. जातीचा, जात पडताळणीचा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीआधीच काढून ठेवा.