वेगाला वेसण कशासाठी?

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींविषयीचा कायदा वैध ठरविला. शर्यत राहिली, आता ती न्याय्य कशी व्हावी, हा प्रश्न उरतो. चुरस वाढावी म्हणून वेगवान जोडीवर भार लादावा काय? मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतींत सरस घोड्यास अधिक वजन वाहावे लागते. त्याने निकाल अनिश्चित होतो. परंतु गुणवत्तेस दंडही होतो. बैलांच्या बाबतीत तर ते क्रौर्यच ठरेल.

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींनी २०२१ पासून निराळा मार्ग धरला. तेथे संघांच्या खर्चावर मर्यादा आहे. मागे पडलेल्यांना वायुगतिकीय चाचण्यांसाठी अधिक वाव मिळतो. विषमता धावपट्टीवर नव्हे, साधनांत कमी केली जाते.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हाच विवेक हवा. ऊसतोड कामगाराची बैलजोडी गाडी ओढून थकते; धनवंताचा खोंड केवळ शर्यतीसाठी पोसला जातो. दोघांना एका रांगेत उभे करणे ही समता नव्हे. दातांवरून वय ठरवून आदत, दुसा असे गट पाडण्याची रूढी आहेच. तिच्या जोडीला कष्टाच्या बैलांचा स्वतंत्र गट असावा आणि बक्षिसाची रक्कम एकाच विजेत्याकडे न जाता विभागली जावी. जिंकणाऱ्याचे पाय बांधण्यापेक्षा मागे राहिलेल्याच्या गव्हाणीत वैरण पडणे अधिक श्रेयस्कर होय.