मोहल्ल्यातली मांजरे : नुसती दया नको, व्यवस्थाही हवी

मच्छीबाजार असो, मशिदीचे आवार असो की चाळीचा जिना, आपल्या वस्त्यांत मांजर नाही असे ठिकाण सापडणे कठीण. कुणी दारात उरलेला भात-मासळी ठेवतो, कुणी पाण्याचा शिपका मारून हाकलतो. माळ्यावर, जिन्याखाली, बंद पडलेल्या रिक्षात पिल्ले निघतात आणि घराघरांत तोच वाद सुरू होतो. मुले म्हणतात ठेवू या. दादी म्हणते, मुकं जनावर आहे, सवाब मिळेल. शेजारी म्हणतात, जिन्यात घाण होते, कुठेतरी सोडून या. बहुतेक वेळा शेवटी शेजाऱ्यांचेच खरे होते. एखादा मुलगा पिल्ले गोणीत भरतो आणि स्कूटरवरून दूरच्या बाजारात किंवा पुलाखाली सोडून येतो. ‘मारली तर नाहीत, सोडलीच ना’ असे म्हणून सगळे निश्चिंत होतात.

हे सोडणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. तीन-चार आठवड्यांचे पिल्लू आईच्या दुधाशिवाय जगत नाही. त्याला स्वतः शिकार करता येत नाही, अनोळखी जागी आसरा सापडत नाही. ते भुकेने, गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. फक्त ते आपल्या डोळ्यांआड मरते एवढेच. मोठे मांजर दूर सोडले तर तेही परत येण्याच्या धडपडीत जीव गमावते, नाहीतर नव्या जागेतल्या मांजरांशी मारामारीत जखमी होते.

दीन काय शिकवतो

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका स्त्रीची हदीस आहे. तिने मांजर कोंडून ठेवले. स्वतः खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन ते जगले असते, तर त्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री अजाबाला पात्र ठरली. तिने त्याला काठीने मारले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. तिचा गुन्हा असा की तिने एका जिवाला असहाय केले आणि त्याची जबाबदारी घेतली नाही. दूध पिणारे पिल्लू आईपासून तोडून गोणीतून सोडून येताना आपण याहून फार वेगळे काय करतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

दुसऱ्या बाजूला, तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाह तआलाने माफ केले, आणि प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत सवाब आहे, असे प्यारे नबी (स.) यांनी सांगितले. सूरह अन्आममध्ये तर जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे.

मांजराचे स्थान आणखी जवळचे आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याला मांजराने तोंड लावले, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून तिला नीट पिऊ दिले. सून कबशा आश्चर्याने पाहत राहिल्या. तेव्हा त्यांनी नबी (स.) यांचा हवाला देऊन सांगितले की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे तर नावच मांजराच्या पिल्लावरून पडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. झोपलेले मांजर उठू नये म्हणून नबी (स.) यांनी चोग्याची बाही कापली, ही कथा मोबाइलवर फार फिरते. तिला हदीसच्या ग्रंथांत आधार नाही. मांजरावरचे प्रेम हा ईमानचा भाग आहे, हे वाक्यही उलमांनी बनावट ठरवले आहे. सहीह हदीसा आपल्याजवळ इतक्या आहेत की बनावट गोष्टींची आपल्याला गरजच नाही.

मांजरे इतकी वाढतात कशी?

मादी मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भाचा काळ साधारण नऊ आठवड्यांचा. एका वेळी सरासरी चार पिल्ले आणि वर्षातून दोन, कधी तीन वेत. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका मादीपासून वर्षाला आठ-दहा पिल्ले होतात. त्यांतली बरीचशी सहा महिन्यांच्या आतच आजाराने, उपासमारीने, अपघाताने मरतात. आपल्याला उरलेली दिसतात, मेलेली दिसत नाहीत. वस्तीतल्या मांजरांचे खरे दुःख इथे आहे.

मग सगळी पकडून नेली तर? हा प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाला आहे. मांजरे जिथे राहतात तिथे त्यांना खाणे आणि आसरा मिळत असतो. मासळीबाजारातली आतडी, उघडी कचराकुंडी, दावतीनंतरची खरकटी, ईदुल अज्हाच्या दिवसांत नीट न पुरलेले टाकाऊ अवयव हे सगळे तिथेच राहते. त्यामुळे जुनी मांजरे गेली की शेजारच्या गल्लीतली नवी येतात आणि त्यांना पुन्हा पिल्ले होतात. जागा रिकामी राहत नाही.

उपाय : पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, परत आणा

आज जगभर मान्य असलेली पद्धत सोपी आहे. मांजराला पिंजऱ्यात पकडायचे, पशुवैद्याकडून भूल देऊन नसबंदी करायची, त्याच वेळी रेबीजची लस टोचायची आणि बरे झाले की ज्या गल्लीतून आणले त्याच गल्लीत सोडायचे. भुलेतच एका कानाचे टोक किंचित कापतात. ती जखम लगेच भरते आणि दुरूनही ओळखता येते की या मांजराचे काम झाले आहे, पुन्हा पकडायला नको.

नसबंदी झालेले मांजर आपली जागा राखून असते, त्यामुळे बाहेरच्यांना सहज शिरकाव मिळत नाही. बोक्यांची रात्रभराची ओरड आणि मारामारी कमी होते, जागोजागी मुतण्याचा उग्र वासही घटतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः याच असतात. पण एक अट आहे. गल्लीतल्या वीस मांजरांपैकी चार-पाचांची शस्त्रक्रिया करून काही साधत नाही. शंभरातल्या सत्तरहून अधिकांची झाली आणि नव्याने येणाऱ्यांकडे लक्ष राहिले, तरच संख्या हळूहळू उतरते.

इस्तंबूलचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्या शहरात मशीद, दुकान, बोट, कुठेही मांजर निर्धास्त झोपलेले दिसते. आयासोफियातली ‘ग्ली’ नावाची मांजर तर पर्यटकांत प्रसिद्ध होती. २०२० मध्ये ती वारली. तुर्कस्तानच्या २००४ च्या प्राणी संरक्षण कायद्याने नगरपालिकांवर भटक्या प्राण्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची जबाबदारी टाकली. लोक प्रेमाने खाऊ घालतात, तरी तिथली मांजरांची संख्या आजही प्रचंड आहे. खाऊ घालणारे हात आणि शस्त्रक्रिया करणारे हात यांचा मेळ बसल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. इटलीने १९९१ च्या कायद्याने मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना मारणे बंद केले आणि नसबंदी करून जागी सोडण्याचा मार्ग धरला.

आपल्या इतिहासातही व्यवस्थेचा दाखला आहे. तेराव्या शतकात मिस्रचा सुलतान बैबर्स याने कैरोत एक बाग मांजरांच्या खाण्यासाठी वक्फ केली होती. शतकांनंतरही तिथे मांजरांना अन्न वाटले जात असल्याची नोंद आहे. मनात आले तेव्हा तुकडा टाकला, असे ते काम नव्हते. कायम चालावे म्हणून त्यामागे मिळकत लावली होती.

नसबंदी जायज आहे का?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो आणि तो टाळू नये. अल्लाहच्या निर्मितीत बदल होतो, ही शंका प्रामाणिक आहे. हनफी फिक्हच्या प्रसिद्ध ‘दुर्रे मुख्तार’ या ग्रंथात फायद्यासाठी जनावरांची खच्ची करणे जायज म्हटले आहे आणि त्यात मांजराचा स्वतंत्र उल्लेख आहे. नबी (स.) यांनी खच्ची केलेल्या मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची हदीसही अबू दाऊद आणि इब्ने माजा यांत आहे. शाफई मसलकात जुन्या फकीहांचे मत अधिक कडक आहे. ज्यांचे मांस खाल्ले जात नाही अशा जनावरांची खच्ची त्यांनी मना केली आहे. आपल्या कोकणी जमातींत शाफई घराणी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे. पण आजची गरज पाहून शाफई देशांतल्या उलमांनीही यावर विचार केला आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने सार्वजनिक हित साधण्यासाठी आणि त्रास टाळण्यासाठी मांजरांची नसबंदी जायज ठरवली आहे. सौदी आलिम शेख इब्ने उसैमीन यांनीही मांजरे फार झाली आणि शस्त्रक्रियेने त्यांना इजा होणार नसेल तर तिला परवानगी दिली, कारण मारून टाकण्यापेक्षा ते बरे.

आम्ही मुफ्ती नाही. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारून घ्यावे. मात्र विचारताना प्रश्न पूर्ण मांडावा. ‘मांजराचे ऑपरेशन चालते का’ एवढेच न विचारता, नाही केले तर पिल्लांचे काय होते तेही सांगावे. जबह करतानाही सुरीला धार लावून जनावराला आराम द्या, असे शिकवणाऱ्या दीनमध्ये वेदना कमी करण्याला किती महत्त्व आहे हे वेगळे सांगायला नको.

मोहल्ल्यात सुरुवात कशी करावी?

पहिले काम मोजणीचे. शिक्षक म्हणून आमचा अनुभव आहे की मुलांना एक वही दिली की ती हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. रंग, नर की मादी, कुठे दिसते, पिल्ले आहेत का, कान कापलेला आहे का, एवढे लिहिले तरी पुरे.

दुसरे, खाण्याची वेळ आणि जागा ठरवावी. जिना, दरवाजा, मशिदीची पायरी टाळून एका कोपऱ्यात, रोज एकाच वेळी. अर्ध्या तासाने भांडी उचलून जागा धुवावी. शेजाऱ्याचा हक्कही आपल्यावर आहे. मांजरावर दया करताना तो मोडू नये. शिजवलेली टोकदार हाडे घालू नयेत. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, स्वच्छ पाणी ठेवावे.

तिसरे, पशुवैद्य आणि महापालिका किंवा नगरपालिकेचा पशुवैद्यकीय विभाग यांच्याशी आधी बोलावे. मुंबईसारख्या शहरात महापालिका आणि प्राणी संस्था मांजरांची नसबंदी करतात. लहान गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. पिंजऱ्यात सुकट किंवा तळलेला मासा ठेवला की मांजर सहसा येते. पकडल्यावर लगेच पिंजऱ्यावर जाड कापड टाकावे, अंधारात ती शांत होते. उघड्या हाताने पकडू नये. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे आणि नंतर किती दिवस निगराणीत ठेवायचे, हे डॉक्टर सांगतील तसेच करावे. अंगावर पिल्ले असलेली मादी नेऊ नये. पिल्ले स्वतः खाऊ लागली की आधी तिचाच नंबर लावावा.

चौथे, पैसा. जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिलेले आहेत, त्यात हे काम बसत नाही. मात्र नफली सदका यासाठी जरूर देता येतो. महिन्याला दहा घरांनी थोडे थोडे काढले तरी एकेक करून गल्ली पूर्ण होते.

काही सावधगिरी

मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद-चुना लावून थांबू नये. गर्भवती भगिनींनी मांजराची विष्ठा स्वतः साफ करू नये, मातीत काम केल्यावर हात धुवावेत आणि मांस पूर्ण शिजवूनच खावे. घरातले पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, ते तिच्यासाठी विष आहे. फिनेलही तिच्या वाटेवर ओतू नये.

कायदाही माहीत असावा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावरांना छळण्याला आणि उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देण्याला गुन्हा मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणे, विष घालणे किंवा पंगू करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोहल्ल्याच्या कमिटीत पाणी, गटार, वीज यांवर चर्चा होते, तशी एकदा मांजरांवरही व्हावी. खाऊ घालणारे आणि तक्रार करणारे एकाच बैठकीत बसले की कळते, दोघांनाही तेच हवे आहे : दर काही महिन्यांनी जिन्याखाली मरणारी पिल्ले नकोत. पुढच्या वेळी पिल्ले निघाली तर गोणी शोधू नये. आई आणि पिल्ले आठ आठवडे एकत्र राहू द्यावीत, एखाद-दुसरे पिल्लू चांगल्या घरी द्यावे आणि आईला पशुवैद्याकडे न्यावे. एवढे एका घराने केले तरी त्या जिन्याचा प्रश्न, इन्शाअल्लाह, तिथेच थांबेल.